पाच पावसाळ्यांची हमी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पुरता सुरू झाला आणि टोलनाक्यामुळे उर्से हे नाव दोन्ही शहरांतल्या माणसांच्या तोंडी बसलं. गाव अर्थातच त्याच्या कितीतरी आधीचं, मावळातलं, भातखाचरांचं. पुढच्या वीसएक वर्षांत तळेगाव, सोमाटणे, उर्से या पट्ट्यात खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तिथे घर घेणारी माणसं बहुतेक पहिल्यांदाच घर घेणारी. चाकण, तळेगाव, पिंपरीच्या कारखान्यांत नोकरी, वीस वर्षांचं कर्ज, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मिळालेला ताबा. पहिल्या जोराच्या पावसात पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. आधी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात चहाचा डाग पडावा तसा पट्टा उमटतो, मग रंगाचे पोपडे सुटतात, गणपतीपर्यंत भिंतीला बुरशी धरते. बिल्डरच्या ऑफिसात फोन जातो आणि उत्तर येतं: पावसाळा संपू द्या, भिंत वाळू द्या, मग माणूस पाठवतो. दिवाळीनंतर माणूस येतो, कोरड्या भिंतीवर हात फिरवतो आणि विचारतो, ओल कुठे आहे?

या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर प्रत्येक घरमालकाच्या कपाटात असतं. नोंदणी केलेल्या करारनाम्यात दोषदायित्वाचं कलम असतं. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत इमारतीच्या सांगाड्यात, कामाच्या दर्जात किंवा सोयींमध्ये दोष निघाला, तर विकासकाने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. हे कलम येतं 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14(3) मधून, आणि मूळ कायद्यात दुरुस्तीला मुदतही घातलेली आहे, 30 दिवसांची. दिल्लीत बसून लिहिलेली ही मुदत मावळच्या पंचांगाला जुळत नाही. इथे दोष दिसतो जून ते सप्टेंबर आणि दुरुस्ती होऊ शकते नोव्हेंबर ते मे. भर श्रावणात ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफिंग धरत नाही, हे बिल्डरचं म्हणणं खरंच असतं. पण त्या खऱ्या म्हणण्याच्या आडोशाने एक पावसाळा जातो, मग दुसरा. पाच वर्षं म्हणजे इथे पाचच पावसाळे.

हे कलम मराठी माणसाच्या करारनाम्यात कुठून आलं, याचा माग काढत मागे गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दुरुस्ती कोणी करायची हे जवळजवळ प्रत्येक काळात लिहून ठेवलेलं आहे. ती खरोखर झाली तिथे मात्र घरमालकाच्या हातात बांधणाऱ्याचं काहीतरी अडकून राहिलेलं होतं.

रेराच्या आधी महाराष्ट्रात मोफा होता, 1963 चा सदनिका मालकी कायदा. त्याची प्रस्तावना आजही वाचण्यासारखी आहे. घरांच्या तीव्र टंचाईमुळे फ्लॅटच्या बांधकामात, विक्रीत आणि व्यवस्थापनात गैरप्रकार होत आहेत आणि ते वाढत आहेत, असं सरकारने त्यात सरळ लिहिलं. 20 मे 1960 ला, म्हणजे राज्य स्थापन होऊन तीन आठवडे होत नाहीत तोच, सरकारने यासाठी समिती नेमली. जून 1961 मध्ये तिने अहवाल दिला. पुढच्याच महिन्यात पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचे वाडे गेले आणि पुण्यालाही घरटंचाई म्हणजे काय ते कळलं. तोवर शहरी मराठी माणूस प्रामुख्याने भाडेकरू होता. त्याचं भांडण मालकाशी असायचं, आणि 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं गोठवल्यावर मालक दुरुस्तीला हात लावीनासा झाला. 'ओनरशिप फ्लॅट' आला तेव्हा भाडेकरूचा घरमालक झाला, पण गळकी भिंतही आता त्याच्याच मालकीची झाली.

मोफाच्या कलम 7 मध्ये दोन गोष्टी आहेत. पहिली, आजच्या मजकुराप्रमाणे ताबा दिल्यापासून 3 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा मालातला दोष प्रवर्तकाच्या नजरेला आणला, तर शक्य असेल तिथे त्याने तो जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा, आणि शक्य नसेल तिथे वाजवी भरपाई द्यायची. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. दोष आहे की नाही, तो दुरुस्त होण्याजोगा आहे की नाही, असा वाद झाला तर तो ठरवायचा अधीक्षक अभियंत्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने. म्हणजे 1963 च्या कायद्याने गळतीचा निवाडा इंजिनिअरकडे दिला होता. भिंतीत पाणी कुठून शिरतं हे ज्याला बघून कळतं, त्याच्याकडे.

रेराने मुदत तीनाची पाच केली, आणि तो फायदा छोटा नाही. पण नुकसानभरपाई ठरवायचं काम कलम 71 प्रमाणे निर्णय अधिकाऱ्याकडे गेलं, जो जिल्हा न्यायाधीश असतो किंवा राहिलेला असतो. कायद्याचा माणूस कागद पाहतो. कागदावर बिल्डरची बाजू भक्कम असते, कारण ताबा घेतानाच 'फ्लॅट सुस्थितीत मिळाला, कोणतीही तक्रार नाही' अशा पत्रावर सही घेतलेली असते. किल्ल्या हातात पडण्याच्या आनंदात ते पत्र कोण वाचतो?

'शक्य असेल तिथे' हे शब्द रेराच्या कलम 14(3) मध्ये नाहीत. तिथे विकासकाचं कर्तव्य बिनशर्त आहे. पण महाराष्ट्राने 2017 मध्ये रेराचे नियम केले आणि त्यांच्यासोबत जो नमुना करारनामा दिला, त्याच्या कलम 7.4 मध्ये हे शब्द पुन्हा आहेत. मोफाचा कायदा ज्यांच्या हाताखालून गेला त्यांच्याच सवयीने ते नव्या कागदावर उतरले असावेत, असं मला वाटतं. पुढे खासगी वकिलांनी त्यात आणखी भर घातली. पुण्याच्या बाजूच्या अनेक करारनाम्यांत एक परिच्छेद जवळजवळ तसाच्या तसा सापडतो. तापमानात 20 अंशांहून जास्त फरक पडल्याने भिंतींना येणाऱ्या केसाएवढ्या भेगा हा नेहमीच्या झिजेचा भाग समजावा, दोष समजू नये. मावळात जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांच्यात एवढा फरक दरवर्षीच पडतो. म्हणजे प्रत्येक भेगेला जन्मतःच माफी. आणखी एक परिच्छेद म्हणतो की घरमालकाने लेखी परवानगीवाचून नळ, पाईप, फरशी यांत काही बदल केला तर हमी आपोआप रद्द. ताबा मिळाल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याला जादा नळ न घेतलेलं घर मला तरी माहीत नाही.

महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, 2022 च्या डिसेंबरात सांगितलं की नमुना करारातलं दोषदायित्वाचं कलम बदलता येणार नाही, आणि विकासकाने घातलेली वेगळी कलमं ठळकपणे दाखवावी लागतील. चांगलं पाऊल. पण ज्यांनी त्याआधी सह्या केल्या त्यांच्या कागदावर ते 20 अंश तसेच आहेत.

भेग येते कशी, हे थोडं जवळून पाहू. हल्लीच्या इमारतीत सिमेंट-काँक्रीटचे कॉलम-बीम आणि मध्ये हलक्या ब्लॉकची भिंत असते. दोन्हींचं आकुंचन-प्रसरण वेगळं. म्हणून त्यांच्या सांध्यावर प्लास्टरच्या आत जाळी लावायची असते, साइटवर तिला चिकन मेश म्हणतात. जाळी लावली नाही किंवा अर्धीच लावली, तर बीमच्या खालून सरळ आडवी भेग जाते. घाईत स्लॅब पुढे सरकवायचा म्हणून प्लास्टरला पाणी मारलं नाही, तर जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला असतो, त्याला संक म्हणतात. त्यात वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर ओल येते का ते बघायचं, ही चाचणी काही दिवसांची. ती चुकवली की खालच्या घराच्या छताला दोन वर्षांनी पोपडे येतात, आणि भांडण लागतं वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांत. या प्रत्येक दोषाचं कारण प्लास्टरच्या आत गाडलेलं असतं. ते बघायला भिंत फोडावी लागते, आणि स्वतःची नवी भिंत स्वतः फोडून पुरावा काढायची हिंमत फार थोड्यांत असते.

मावळच्या जुन्या घराला हे प्रश्न नव्हते असं मी म्हणणार नाही. तेही गळायचं. पण ते गळणार हे धरूनच बांधलेलं असे. पश्चिमेची झड अंगावर घ्यायला पुढे पडवी होती, कौलाचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून छप्पर पुढे काढलेलं होतं, आणि रोहिणी लागायच्या आत घर शाकारायचं हे वर्षाचं ठरलेलं काम होतं. नव्या इमारतीच्या दर्शनी बाजूला खिडकीवरचा छज्जा वीतभर उरला आहे, कुठे तोही नाही. झड थेट खिडकीच्या चौकटीवर आदळते आणि सगळा भार सिलिकॉनच्या एका रेघेवर येतो.

त्या जुन्या घराची हमी कोणी दिली होती? करारनामा नव्हता. सुतार आणि लोहार गावचे बलुतेदार होते. बलुतं मुख्यतः शेतीच्या अवजारांसाठी, घर बांधायचं काम वेगळ्या मजुरीचं. पण घराची तुळई घडवणारा तोच, नांगर नीट करणारा तोच, आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायला येणाराही तोच. त्याचं देणं वर्षाच्या शेवटी चुकतं व्हायचं. काम बिघडलं तर कुणबी खळ्यावर ते बोलून दाखवत असे. ही पकड होती, आणि ती न्यायाची होती असं मात्र नाही. ती ज्याच्या मानेवर होती तो गावातला दुबळा माणूस होता, त्याला गाव सोडायची, काम नाकारायची सोय नव्हती. जातीने बांधलेली हमी परत आणावी असं कोणी म्हणू नये. तिच्यातलं एक तत्त्व तेवढं लक्षात घ्यावं: सगळा मोबदला काम झाल्याच्या दिवशी हातात पडत नसे.

याहून फार मागे गेलं तरी हाच धागा लागतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणाचा पहिलाच अध्याय कारागिरांपासून लोकांच्या रक्षणाचा आहे. ठरल्या वेळी काम न करणाऱ्याची चौथाई मजुरी कापायची आणि वर त्याच्या दुप्पट दंड घ्यायचा, असं तो सांगतो. मजुरी कापायची तर ती अजून दिलेली नसली पाहिजे. त्याच्याही आधी, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, बाबिलोनच्या हम्मुराबीने दगडावर कोरलेले कायदे आहेत. हा स्तंभ 1901 मध्ये इराणमधल्या सुसा इथे सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड, हे त्यातलं कलम सगळे सांगतात. त्याच्या पुढचं 233 वं कलम फारसं कोणी सांगत नाही. घराचं काम नीट झालं नाही आणि भिंत कलली, तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या पैशाने भक्कम करून द्यावी. उर्सेच्या करारनाम्यातल्या कलमाचा हा सगळ्यात जुना ठाऊक असलेला पूर्वज. मुदतीचं बंधन त्यात नाही.

मुदत युरोपात पक्की झाली. 1804 च्या फ्रेंच नागरी संहितेने वास्तुविशारद आणि ठेकेदार यांना 10 वर्षं जबाबदार धरलं. तिथेही लोक कोर्टात वर्षानुवर्षं अडकत, म्हणून 1978 मध्ये त्यांनी विमा सक्तीचा केला. विमा कंपनीने आधी दुरुस्तीचे पैसे द्यायचे आणि दोष कोणाचा ते मग ठेकेदाराच्या विमा कंपनीशी भांडून ठरवायचं. भांडण घरमालकाच्या दाराबाहेर गेलं. आपल्या रेरातही कलम 16 मध्ये बांधकामाच्या विम्याची तरतूद आहे, पण ती राज्य सरकार अधिसूचना काढील तेव्हा लागू व्हायची, अशा बोलीवर.

आपल्याकडे 'डिफेक्ट लायबिलिटी' हे शब्द आले ते फ्लॅटमधून नव्हे. ते आले सरकारी कामांमधून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं आणि ठेक्याची पद्धत रुळली. आजही पीडब्ल्यूडीचं बी-1 टेंडर घेतलेल्या कोणत्याही ठेकेदाराला विचारा. त्याच्या बिलातून सुरक्षा ठेव कापली जाते, आणि दोषदायित्वाचा काळ संपून इंजिनिअरने काम ठीक असल्याचं सांगितल्यावर ती सुटते. रस्त्याला खड्डा पडला, शाळेची गच्ची गळली, तर ठेकेदार येतो, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात. न आला तर त्याच पैशातून दुसऱ्याकडून काम करून घेता येतं.

खासगी बिल्डरही नेमकं हेच करतो. तो आपल्या ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून साधारण 5 टक्के 'रिटेन्शन' म्हणून मागे ठेवतो. ठेकेदार प्लास्टरवाल्याचे, फरशीवाल्याचे ठेवतो. उन्हात उभ्या राहिलेल्या गवंड्याचीही काही मजुरी कुठेतरी थांबलेली असते. या साखळीतल्या प्रत्येकाने आपल्या खालच्याचं काहीतरी धरून ठेवलेलं आहे. एकट्या घरमालकाच्या हातात काही नाही. महाराष्ट्राच्या नमुना करारातलं हप्त्यांचं वेळापत्रक पाहिलं तर हे स्पष्ट दिसतं. जोतं झालं की 45 टक्क्यांपर्यंत, स्लॅब झाले की 70, लिफ्ट-पंप-वीज झाली की 95, आणि उरलेले 5 टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा देताना. ताब्याच्या दिवशी सगळे पैसे गेलेले. रेराने ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, पण ते खातं बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठी. इमारत पूर्ण झाल्यावर गळतीसाठी त्यात काही ठेवलं पाहिजे, असं कायदा म्हणत नाही.

मधल्या काळात ग्राहकाच्या बाजूने लढा झाला, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत पुण्यातच सुरू केली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. तरी घरबांधणी ही 'सेवा' आहे का, यावर वाद चालूच होता. 1993 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन घरबांधणीचा उल्लेख आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर बांधून देणारी सरकारी संस्थासुद्धा ग्राहक न्यायालयाला उत्तरदायी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2020 च्या इंपीरिया निकालाने रेरा आणि ग्राहक आयोग हे दोन्ही रस्ते खुले असल्याचं स्पष्ट केलं. महारेराने मुंबई ग्राहक पंचायत आणि बिल्डरांच्या संघटना यांना एकत्र बसवून सलोखा मंचही काढला. या सगळ्यामुळे माणसाला दाद मागायला दार मिळालं, आणि ज्यांनी ते उघडलं त्यांचे उपकार मानले पाहिजेत.

पण दारातून आत गेल्यावर काय होतं? 5,000 रुपये भरून महारेराकडे तक्रार. सुनावणी. आदेश. बिल्डरने तो पाळला नाही तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून वडगाव मावळच्या तहसीलदारांकडे, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला. ज्या तहसील कार्यालयात सातबारा, फेरफार, पीकनुकसानीचे पंचनामे यांची रांग लागलेली असते, तिथे एका बाथरूमच्या गळतीची भरपाई वसूल व्हायची असते. दरम्यान घरात लहान मूल असेल तर त्याचा खोकला थांबत नाही, आणि शेवटी आई-बाप स्वतःच्या पैशाने भिंत करून घेतात. मला त्यांचा राग समजतो. ते हरलेले नसतात, थकलेले असतात.

उर्सेत एक गोष्ट मला विशेष लागते. या गावात पाईपचा कारखाना आहे, वायरचा आहे. बाजारात मिळणाऱ्या पीव्हीसी पाईपच्या अंगावर बनवणाऱ्याचं नाव आणि भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो, पाण्याच्या पाईपवर आयएस 4985, घरगुती वायरवर आयएस 694. माल कुठल्या खेपेतला हेही शोधता येतं. पण गळती क्वचितच पाईपच्या मधोमध होते. ती होते सांध्यावर, कोपऱ्यातल्या एल्बोवर, जिथे घाईत सोल्युशन लावून पाईप ढकलला गेला. सांधा कोणी जोडला, त्या दिवशी कोण सुपरवायझर होता, हे कुठेच लिहिलेलं नसतं. वस्तूची वंशावळ अंगावर छापलेली आणि कामाची अजिबात नाही, असं घर आपण घेतो.

गावठाणालगतच्या छोट्या इमारतींची स्थिती याहून वाईट. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट 8 पर्यंत असतील तर रेरात नोंदणीच लागत नाही, आणि मावळातल्या गावांत अशा दोन-तीन मजली इमारती भराभर होत आहेत. त्यांच्या मालकांना वाटतं आपल्याला कायदाच नाही. आहे. मोफा रद्द झालेला नाही, त्याचं कलम 7 त्यांच्या कामी येतं. फक्त पहिल्या पावसातच, फोनवर न थांबता, तारखेसह लेखी कळवलं पाहिजे आणि ओल ओली असतानाच फोटो काढून ठेवले पाहिजेत. 3 वर्षं असोत की 5, मुदतीच्या आत नजरेला आणलं हे सिद्ध करायचा भार शेवटी घरमालकावर येतो.

नव्या कायद्यापेक्षा मला दोन जुन्या गोष्टी हव्या आहेत. ताब्याच्या वेळचे शेवटचे 5 टक्के बिल्डरला न देता त्याच्याच नावाच्या पण बंद खात्यात निदान दोन पावसाळे राहावेत. 40 लाखांच्या फ्लॅटवर ते 2 लाख होतात. चांगलं काम करणाऱ्याचं व्याजासकट काहीच जात नाही, आणि न करणाऱ्याच्या पैशातून दुसरा गवंडी लावता येतो, पीडब्ल्यूडी लावते तसा. आणि गळती खरी की खोटी हे ठरवायला सप्टेंबर संपायच्या आत, भिंत ओली असताना, कोणीतरी इंजिनिअर दारात यावा. त्यासाठी नवं पद निर्माण करायला नको. 1963 च्या कायद्यात अधीक्षक अभियंता आजही लिहिलेला आहे.